सात मिनिटांचा कण

१९३६ साली निपाणीत मी एक नवा कण शोधून काढला.

मित्रांनो, वरचे वाक्य विसरा. तसे काही घडलेले नाही. त्या वर्षी निपाणीत तंबाखू बरा पिकला, एवढेच घडले. आपण रीतसर सुरुवात करू.

मी एक जुना विद्युद्दर्शक आहे. नाव मोठे असले तरी घाबरण्यासारखे माझ्यात काही नाही. एक काचेची बरणी, वीज गळू नये म्हणून तिच्या तोंडाला गंधकाचे बूच, आणि बुचातून खाली उतरलेली पितळेची दांडी. दांडीच्या वरच्या टोकाला, बरणीच्या बाहेर, पितळेचा गोळा आहे. खालच्या टोकाला, बरणीच्या आत, सोन्याच्या वर्खाची दोन पाने लटकतात. गोळ्याला विजेचा भार दिला की ती एकमेकांपासून दूर होतात, वाटणीच्या वेळी भाऊ होतात तशी. भार गळून गेला की ती पुन्हा जवळ येतात. भाऊ येत नाहीत. माझे सगळे शास्त्र एवढेच.

माझा जन्म १९१३ साली बेळगावात झाला. तेथे नागोजी नावाचे एक घड्याळजी होते. हायस्कुलातल्या मास्तरांनी त्यांना पुस्तकातले चित्र दाखवले आणि असेच एक करून द्या म्हणून सांगितले. नागोजींनी चित्र आधी सुलटे धरून पाहिले, मग उलटे धरून पाहिले.

"ह्यात वेळ कुठं दिसतो?"

"वेळ नाही दिसत. वीज दिसते."

"मग चावी कुठं द्यायची?"

"चावी नसते."

"चावी न्हाई, वेळ न्हाई," नागोजी म्हणाले, "आन करणार मात्र घड्याळजी."

तरी त्यांनी मला मन लावून घडवले. बरणी मूळची लिंबाच्या लोणच्याची होती. ती त्यांच्या घरातून कोणाला न विचारता आणलेली होती, हे मला पुढे झालेल्या आरडाओरड्यावरून कळले. सोन्याचा वर्ख एका वैद्याकडून आला. तो एका अशक्त माणसाच्या औषधात खलायचा होता. तो माणूस पुढे बरा झाला की नाही, मला कधी समजले नाही. त्याच्या वाट्याचे सोने माझ्या पोटात गेले, ही रुखरुख मला अजून आहे.

हायस्कुलातली पहिली वर्षे माझ्या मानाची होती. मास्तर काळी फणी केसांवर घासून माझ्या गोळ्याजवळ आणत, माझी पाने फाकत, आणि चाळीस मुले एकदम "ओऽ" म्हणत. पुढे परदेशातून चकचकीत यंत्रे आली. त्यांना पेटी होती, पेटीला कुलूप होते. मला कपाटावर ठेवण्यात आले. तिथे स्पिरिटच्या बाटलीत एक विंचू होता. त्याच्याशी माझे चांगले जमले. तोही कोणाला काही करत नसे.

अशी बरीच वर्षे गेली. १९३१ साली हायस्कुलाने आपले जुने सामान निपाणीच्या एका शाळेला देऊन टाकले. सामानात फुटक्या काचेचे भिंग होते, दोन पारड्यांपैकी एक पारडे उरलेला तराजू होता, आणि मी होतो. मला न्यायला त्या शाळेचा शिपाई मष्णू आला. तो मूळचा जांबोटीचा, घाटमाथ्याच्या पावसाचा माणूस. त्याने मला आपल्या घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतले आणि सर्व्हिस मोटारीत सगळ्या रस्ताभर शेजारच्याला सांगितले, "जरा सरकून बसा. आत सोनं हाय." शेजारचा सरकला नाही. उलट जवळ आला.

निपाणीच्या शाळेची विज्ञानाची खोली म्हणजे आण्णाप्पा शेटांच्या तंबाखूच्या वखारीचा अर्धा भाग होता. शेट शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते, म्हणून खोली शाळेला मिळालेली. मध्ये किंतानाचा पडदा होता आणि पडद्यापलीकडे विज्ञानाचे मास्तर राहत होते.

त्यांचे नाव जिनपाल मास्तर. सदलग्याचे. अंगाने किडकिडीत, आवाजाने हळू, आणि कोटाच्या खिशात एक घड्याळ. त्यांच्या पत्नीचे नाव ब्राह्मीबाई. त्या घरात पाणी जाड फडक्यातून गाळल्याशिवाय कोणी पीत नसे आणि दिवस मावळल्यावर कोणी जेवत नसे. न जाणो, न दिसणारा एखादा जीव चुकून पोटात जायचा. मास्तर विज्ञान शिकवत आणि पाणी गाळत. त्यांना ही दोन कामे वेगवेगळी वाटत नसत.

एकदा मास्तरांनी वर्गात मला भार दिला आणि तास संपल्यावर मला तसेच विसरून गेले. दुपारी परत येऊन पाहतात तर पाने खाली आलेली. मी कोणाला हात लावला नव्हता. मलाही कोणी लावला नव्हता. मास्तर स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि मला म्हणाले, "कुणी नेलं?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी प्रश्न विचारला, असे हे पहिल्यांदाच झाले.

त्या दिवसापासून ते मोजू लागले. पानांच्या मागे त्यांनी आकडे लिहिलेला कागद चिकटवला. पाने चाळिसाच्या खुणेवरून विसाच्या खुणेवर यायला तीन तास लागत. हवा दमट झाली तर लवकर येत, म्हणून त्यांनी बरणीच्या तळाशी कळीचा चुना ठेवला. भार कुठे जातो, याचे थोडे उत्तर त्यांनी मासिकांत वाचले होते. दगडमातीतून अतिसूक्ष्म कण निघतात, आकाशातूनही येतात, आणि ते माझ्यासारख्याचा भार पळवतात. परदेशात लोकांनी माझ्या भाऊबंदांना फुग्यात बसवून ढगांच्या वर नेले होते, तेव्हा हे कळले. मला कोणी फुग्यात बसवले नाही. माझी तक्रार नाही.

"आकाशातलं कळलं," मास्तर ब्राह्मीबाईंना म्हणत. "पण डोंगरानं अडत नाही, पाण्यानं अडत नाही, असं काही असलं तर? तेही ह्या तीन तासांत कुठंतरी असेल."

इथे मला माझी मर्यादा सांगितली पाहिजे. माझ्याजवळून जाताना जो भाराला धक्का लावतो, तो मला कळतो. जो काहीच न करता आरपार निघून जातो, तो कळत नाही. असे आजवर किती गेले, मला माहीत नाही. माहीत असते तर ते सापडलेच असते.

१९३५च्या दिवाळीआधी आण्णाप्पा शेट खोलीत आले. त्यांनी मला पाहिले, भिंगाला पाहिले, मग छत पाहिले. "मास्तर, तंबाखू वाढलाय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षापतोर ठीक. त्याच्या माघात ही खोली मला लागणार."

मास्तरांचा चेहरा उतरला. शाळेकडे दुसरी खोली नव्हती. मोजायला शांत, कोरडी, कोणी न हलवणारी जागा लागते. तीन तास कोणी धक्का मारू नये, एवढीच त्यांची मागणी होती, आणि एवढीच गोष्ट निपाणीत कोणाकडे शिल्लक नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या गोळ्यावर एक माशी बसली. मास्तरांनी नुकताच मला भार दिला होता. माशी बसली, हात चोळले, उडून गेली. तिला काही झाले नाही. मी स्वतः साक्षीला होतो. पण ब्राह्मीबाईंनी ते पडद्याआडून पाहिले.

"अहो, तिला झटका बसला."

"नाही गं. एवढ्याशा भारानं मुंगीसुद्धा मरत नाही."

"मुंगीला इचारलाय?"

मास्तर पदवीधर होते. तरी मुंगीला त्यांनी विचारले नव्हते.

ब्राह्मीबाई उठल्या आणि शेटांच्या पत्नी मालुबाईंकडे गेल्या. शेटांच्या घरी एक गॅसबत्ती होती. पण त्यांच्याकडेही जेवणे उजेडीच उरकत, त्यामुळे बत्ती लग्नकार्यापुरती पेटायची आणि तिच्यात बांधायच्या नव्या कापडी जाळ्या डब्यात नुसत्या पडून राहायच्या. मालुबाईंनी त्यातली एक जाळी दिली. ती चिमुकल्या पिशवीसारखी होती. माझ्या गोळ्यावर ती अशी बसली, जणू माप घेऊन शिवली होती.

"आता माशी बसली तरी टोपीवर बसंल," ब्राह्मीबाई म्हणाल्या.

मास्तर खूश झाले. जाळी कुठली, हे त्यांनी विचारले नाही. घरातल्या बाईने केलेली सोय कुठून आली, हे आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. मग दिवाळीची सुटी लागली आणि दोघे सदलग्याला गेले.

सुटी संपवून आल्यावर मास्तरांनी मला भार दिला, घड्याळ लावले आणि वह्या तपासायला बसले. चौथी वही हातात घेतली तेव्हा पाने विसाच्या खुणेवर आली होती. सात मिनिटे.

त्यांनी चुना बदलला. सात मिनिटे. गंधकाचे बूच नवे ओतले. सात मिनिटे. फणी बदलली, घड्याळ दुसरे आणले, खोलीतले सगळे सामान बाहेर काढले, शेवटी मष्णूलाही बाहेर काढले. सात मिनिटे. टोपी मात्र कोणी काढली नाही. टोपी यंत्रात धरलेली नव्हती. ती घरची होती.

खरे सांगतो, टोपी आल्यापासून माझ्या डोक्यावर सारखे कोणी वाळू फेकते आहे असे मला होत होते. पण मला बोलता येत नाही. मला फक्त पाने मिटता येतात. ती मी जिवाच्या आकांताने मिटत होतो, आणि मास्तर त्याची वेळ लिहून घेत होते.

नाताळच्या सुटीत मास्तर, मष्णू आणि मी लोंढ्याला गेलो. लोंढ्याच्या पुढे घाटात रेल्वेचा बोगदा आहे. मष्णूचा एक पाहुणा रुळांवर गँगमन होता, त्याने आम्हाला दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आत जाऊ दिले. रानात किडे फार, म्हणून ब्राह्मीबाईंनी निघताना टोपीला दोऱ्याची गाठही मारून दिली होती.

"मास्तर, आत बघायचं काय हाय?" मष्णूने विचारले.

"आपल्या डोक्यावर हा एवढा डोंगर आहे. आकाशातून येणारं बरंचसं तो अडवील. मग पानं हळू मिटायला पाहिजेत."

"आन न्हाई मिटली हळू तर?"

"तर डोंगराला न जुमानणारं काहीतरी आहे."

"त्यात काय? आमच्या जांबोटीचा पाऊस बी कुणाला जुमानत न्हाय. घरात इरलं घिऊन बसतो आमी."

मास्तरांनी मला भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून भार दिला. मष्णूने कंदील धरला. तेवढ्यात वेळापत्रकात नसलेली एक मालगाडी आली. मष्णूने मला पोटाशी कवटाळले आणि तिघेही कोनाड्यात घुसलो. गाडी गेली तेव्हा आम्ही तिघेही सारखेच काळे झालो होतो. मास्तरांनी रुमालाने आधी मला पुसले, मग घड्याळ, मग चष्मा. पुन्हा भार दिला.

सात मिनिटे.

मास्तरांनी घड्याळ कानाला लावून पाहिले. चालू होते. ते रुळाच्या लाकडावर खाली बसले.

"मष्णू," ते म्हणाले, "हे जगात अजून कुणी पाहिलं नसेल."

"म्हंजे आपुनच?"

"आपणच."

मष्णूने डोक्याचा पटका काढून काखेत धरला आणि मला नमस्कार केला. मग मास्तर हसू लागले, मष्णू हसू लागला, आणि बोगद्याने ते हसणे बराच वेळ परत परत दिले. माझ्या आयुष्यात त्याहून आनंदाचा क्षण नाही. तो चुकीवर उभा होता, हे मला एकट्याला ठाऊक होते. आनंद खरा होता, कारण खोटे होते. अशा आनंदाचे काय करायचे असते, ते मला अजून कोणी शिकवलेले नाही.

मास्तर सावध माणूस. परत आल्यावर त्यांनी सहा महिने पुन्हा पुन्हा मोजले. मग कमिटीला सांगितले. आण्णाप्पा शेट लगेच बघायला आले.

"कुठं हाय?"

"दिसत नाही, शेटजी."

"वास?"

"नाही."

"वजन?"

"असलं तरी कळत नाही."

"मग मास्तर, हाय कशावरनं म्हणायचं?"

पडद्याआडून ब्राह्मीबाईंचा आवाज आला, "शेटजी, तुमी पाणी गाळून का पिता?"

शेटांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बरं," ते शेवटी म्हणाले. "कण हाय."

शेटांनी मान्य केल्यावर निपाणीत कण आहेच असे ठरले. चहाच्या दुकानात लोक हात हलवून म्हणू लागले, "आता हितनं गेला बघ." शेटांनी जाहीर केले की भाद्रपदात जैनांचे दसलक्षण पर्व संपले की मोठी सभा घ्यायची, सगळ्या गावासमोर पाने मिटवून दाखवायची, कणाला आपल्या वडिलांचे नाव द्यायचे, आणि मास्तरांना मोजायला वखारीबाहेर पक्की दगडी खोली बांधून द्यायची. "कण खरा निघाला तर दगड," ते म्हणाले, "न्हाई निघाला तर माघात तंबाखू." पहिल्या गाडीचा दगड आवारात येऊनही पडला. मास्तर येता जाता त्याच्यावर हात फिरवत.

पर्वाआधी ब्राह्मीबाईंनी सगळे घर धुऊन काढले. मग दहा दिवस उपासात आणि पूजेत गेले. अकराव्या दिवशी क्षमावाणी झाली. त्या दिवशी जैन मंडळी घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतात. सभा दुसऱ्या दिवशी होती. मास्तर सगळ्यांची क्षमा मागून दुपारी घरी आले आणि उद्याची तयारी म्हणून त्यांनी मला भार दिला.

सात मिनिटे झाली. पाने ताठ. पंधरा झाली. अर्धा तास झाला.

"ब्राह्मी, तू ह्याला हात लावलास?"

"बरणीला? न्हाई बा."

"काहीच केलं नाहीस?"

"टोपी तेवढी धुतली. लोंढ्यापास्नं काळी झालती. सोड्याच्या पाण्यात उकळली."

मास्तरांनी टोपीकडे पाहिले. दहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"ही आली कुठनं?"

"मालुआक्काच्या गॅसबत्तीच्या डब्यातनं. दहा महिनं डोक्यावर बसलीया, आज इचारताय व्हय?"

मास्तर खाली बसले. मग त्यांनी हळूहळू सांगितले. गॅसबत्तीची जाळी पेटल्यावर एवढी पांढरी उजळते ती थोरियम नावाच्या धातूच्या क्षारामुळे. तो क्षार जाळीत भिजवलेला असतो. आणि थोरियम पेटवला नाही तरी स्वतःहून रात्रंदिवस कण सोडत असतो. ते कण माझा भार पळवत होते. धुतल्यावर क्षार सोड्याच्या पाण्यात गेला, आणि कण गटारात.

"म्हंजे बोगद्यात..."

"बोगद्यातही आपणच घेऊन गेलो. जिथं जाऊ तिथं तो होता, कारण आपणच त्याला नेत होतो."

ब्राह्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझ्यामुळं झालं की ओ."

"तू माशी वाचवलीस. विचारलं नाही ते मी."

बाहेर मांडव घालणाऱ्यांचा ठोकठोक आवाज येत होता. मग ब्राह्मीबाई अगदी हळू म्हणाल्या, "आक्काच्या डब्यात अजून जाळ्या हायत. आणू?"

मास्तर लगेच "नको" म्हणाले, असे सांगायला मला आवडले असते. त्यांनी पाणी प्यायले. खिडकीतून दगडांच्या ढिगाकडे पाहिले. माझ्याकडे पाहायचे टाळले. आणि म्हणाले, "आण."

ब्राह्मीबाई गेल्या आणि घेऊन आल्या. मास्तरांनी नवी जाळी माझ्या डोक्यावर घातली. सात मिनिटे. ती काढली, पुन्हा भार दिला आणि दिवस मावळेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिले. पाने हळूहळू, आपल्या जुन्या चालीने, खाली आली. त्या नादात त्यांचे जेवण राहून गेले.

"खात्री करून घ्यायला पाहिजे होती," ते म्हणाले आणि जाळी खिशात ठेवली. ती उद्या ते माझ्या डोक्यावर घालतील की हातात धरतील, हे मला रात्रभर कळले नाही. ब्राह्मीबाईंनाही कळले नसावे. त्यांनी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळी निपाणी लोटली. बँडला सांगून ठेवले होते की मास्तर भाषण करून खाली बसले की वाजवायचे. मला टेबलावर ठेवले, मास्तरांनी भार दिला, माझी पाने फाकली. तेवढ्यात शेटांनी पुढे होऊन माझ्या गोळ्याला झेंडूचा ओला हार घातला. हाराचे टोक टेबलावरून जमिनीला टेकले होते. ओल्या हारातून माझा सगळा भार जमिनीत गेला आणि पाने फटकन मिटली.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कण आला, असे सगळ्यांना वाटले. शेटांच्या डोळ्यांत पाणी आले; त्यांना वडील आठवले.

मास्तरांनी तोंड उघडले नसते तरी चालले असते. टोपीचीही गरज उरली नव्हती. नुसते खाली बसायचे होते.

"हा कण नव्हे," मास्तर म्हणाले. "हा हार आहे."

टाळ्या थांबल्या. त्यांनी खिशातून जाळी काढून वर धरली. "आणि आजवर मी मोजलं ते हे. आण्णाप्पा शेटांच्या बत्तीची जाळी. नवा कण नाही. चूक माझी आहे, मी सगळ्यांची क्षमा मागतो."

"मास्तर," शेट म्हणाले, "क्षमा काल होती. आज सभा हाय."

लोक हसले. शेट हसले नाहीत. ते मास्तरांच्या कानाशी वाकले. मी टेबलावर असल्यामुळे मला ऐकू आले. "घाला ती टोपी आन बसा खाली. कुणाला काय कळतंय? दगूड आलाय."

"कळलं नव्हतं तोवर घातली, शेटजी. आता नाही घालता येत."

आणि मास्तर खाली बसले. बँडने ठरल्याप्रमाणे जोरात वाजवायला सुरुवात केली.

माघात तंबाखू आला. आवारातला दगड शेटांनी विहिरीला लावला. मी पडद्यापलीकडे, डाळीच्या डब्यांशेजारी राहायला गेलो. शेटांनी राग धरला नाही. पुढे ते मास्तरांना भेटले की विचारत, "काय मास्तर, नवीन काही न्हाई न्हवं?" आणि मास्तर म्हणत, "नाही, शेटजी." दोघांनाही ते बरे वाटे.

त्या उन्हाळ्यात आम्ही सदलग्याला गेलो. मास्तरांनी मला तांब्याच्या हंड्यात ठेवले, झाकण मेणाने बंद केले, खाली दगड बांधले आणि हंडा दूधगंगेच्या डोहात सोडला. दोर ब्राह्मीबाईंच्या हातात, घड्याळ मास्तरांच्या हातात. माझ्या डोक्यावर काही नव्हते. पाण्याखाली इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हते.

तीन तासांनी वर काढले तर पाने अजून विसाच्या खुणेवर आलेली नव्हती. मास्तरांनी वाळूत बसून हिशेब केला. "तीन तास चाळीस मिनिटं लागली असती."

"म्हंजे पाण्यानं काहीतरी अडवलं."

"आकाशातलं थोडं अडवलं."

"आन उरलं ते?"

"काही हंड्याच्या तांब्यातलं. काही गंधकातनं गळतंय. आणि काही..."

"काही काय?"

"माहीत नाही."

त्यांनी वहीत तेच लिहिले, "माहीत नाही", आणि खाली पट्टीने रेघ मारली.

"एवढ्यासाठी नदीवर आलाव?" ब्राह्मीबाई म्हणाल्या.

"व्हय गं," मास्तर म्हणाले. "एवढ्यासाठीच."

पुढची सात वर्षे ते दर उन्हाळ्यात मला डोहात सोडत. कधी तीन तास पस्तीस, कधी बेचाळीस. रेघेखालचे वाक्य कधी बदलले नाही. १९४४च्या तापात मास्तर गेले. वही ब्राह्मीबाईंनी सदलग्याला नेऊन जपून ठेवली आहे, आणि मलाही. आता १९४७ साल आहे. परवा गावात झेंडावंदन झाले, त्यासाठी त्यांनी मला पुसून खिडकीत ठेवले होते. माझे गंधक तडकले आहे आणि एका पानाचा कोपरा गळून पडला आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला पुसा, कोरडा ठेवा, आणि त्याच्या डोक्यावर काय आहे ते एकदा विचारा. माझे एवढेच सांगणे आहे. बाकीचे मी योग्य त्या ठिकाणी कळवत आहे:

मेहेरबान शिक्षणाधिकारी साहेब यांच्या सेवेशी. अर्जदार विद्युद्दर्शक, वय वर्षे चौतीस, राहणार सदलगा, तालुका चिकोडी, नम्र अर्ज करतो की, अर्जदाराची मोजणी अपुरी राहिली असून ती पुरी करण्यास एक खोली मंजूर व्हावी. खोलीच्या वर आकाश नसावे, कारण त्यातून कण येतात. खोलीच्या खाली जमीन नसावी, कारण तिच्यातूनही येतात. भिंती असाव्यात, परंतु त्या कशाच्याही केलेल्या नसाव्यात. सदर खोली तंबाखूच्या हंगामात रिकामी करण्याचा हुकूम होऊ नये. मोजणीस एका वेळी तीन तासांहून अधिक अवधी लागत असल्याने, घड्याळ लावून समोर स्वस्थ बसणारा एक इसम लागेल. त्या जागेवर कै. जिनपाल मास्तर, मुक्काम सदलगा, यांचीच नेमणूक व्हावी. ते हजर होईपर्यंत दुसरा इसम पाठवू नये. कळावे.